कोरडा गिअरबॉक्स

आमच्या इंदापुरातल्या गल्लीतून कुणाचीही मोटरसायकल निघाली की भगवानआबा आडवे येतात. रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही. "आईल बघितलं का?" गाडी बंद करायला लावतात, उकिडवे बसतात, झाकण फिरवतात, थेंबभर ऑइल बोटावर घेऊन चोळतात आणि हुंगतात. मग निकाल लागतो. "जळकं हाय. काढून टाक." माणूस लग्नाला निघालेला असो नाहीतर मयताला, सुटका नाही. निम्मी गल्ली आता मागच्या बोळातून ये-जा करते.

आबा बारामतीकडच्या एका साखर कारखान्यात शेतकी खात्यात होते. फडाफडातून, कॅनॉलच्या भरावावरून हिंडून उसाच्या नोंदी घ्यायच्या. त्यासाठी त्यांनी तरुणपणी एक टू-स्ट्रोक गाडी घेतली होती. उंच सायलेन्सर, दातेरी टायर, चिखलात घाला नाहीतर ढेकळांत घाला, कण्हत का होईना बाहेर येणार. असल्या गाडीत इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्ये मिसळतात आणि गिअरबॉक्सचं वेगळं घालतात, हे मला त्या गाडीला हात न लावताच पाठ झालंय. गिअरबॉक्सला चाळीस नंबरचंच. नव्वद नंबर घालणाऱ्याशी आबा बोलत नाहीत. पातळी मोजायला गाडी सरळ उभी पाहिजे, म्हणून दारात तुळशीच्या जागी त्यांनी सिमेंटचा ओटा करून घेतला आणि गवंड्याची पट्टी ठेवून तीनदा तपासला. तुळस बिचारी परसात गेली.

ऑइल बदलायचीही रीत होती. गाडी तापवायची, खालचा बोल्ट काढायचा आणि जुनं ऑइल शेवटच्या थेंबापर्यंत निथळू द्यायचं. "घाई केली की गाळ मागं ऱ्हातो," असं ते मला इतक्यांदा सांगत की माझा चहा उतू जाई.

माझ्या भाचीला बघायला पाहुणे आले, तेव्हा आबा बाहेर नवऱ्या मुलाच्या गाडीशी बसलेले. पोहे संपायच्या आत त्यांनी मला दारात बोलावलं. "बाई, पोरगी देऊ नका. ज्यानं गाडीला दोन वर्सं आईल घातलं न्हाय, त्यो पोरीला काय घालणार?" हे पाहुण्यांनी ऐकलं. स्थळ गेलं. मी महिनाभर आबांशी बोलले नाही. पुढे मी बॅटरीची स्कूटर घेतली. तिच्याभोवती आबांनी दोन फेऱ्या मारल्या, झाकण शोधलं, सापडलं नाही. "हिला आतडीच न्हाईत," म्हणाले आणि घरात जाऊन पडले. दोन दिवस जेवले नाहीत, असं शेजारीण सांगत होती.

हे वेड जन्माचं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक मुलगा, माझा विद्यार्थी संदीप, पोलीस भरतीला निघाला. रोज पहाटे पळून पळून त्यानं अंगाची काठी केली होती. आबांची गाडी घेऊन तो भरावावरून जाताना गिअरबॉक्स जाम झाला, मागचं चाक जागेवर थांबलं आणि संदीप खाली आपटला. उजव्या गुडघ्याचा चुरा झाला. भरती कायमची गेली. दवाखान्याच्या दारात आबांनी चारचौघांत सांगितलं, "पोरानं आईल न बघता गाडी नेली." संदीप बरा होऊन लोणी देवकरला एका कारखान्यात लागला आणि तिकडेच खोली करून राहिला. तेव्हापासून घरी आला नाही. लोक म्हणाले, चूक स्वतःची आणि राग बापावर. मीही तेच म्हणाले. आज लाज वाटते.

गेल्या शनिवारी आबा माझ्या दारात उभे राहिले. गाड्या समोरून जात होत्या आणि ते एकाही गाडीला अडवत नव्हते.

"बाई, संदीपला कंपनी गुजरातला धाडतीया. सोमवारी जाणार हाय. माझ्यासंगं येता का? तुमच्यापुढं त्यो उठून जायचा न्हाय."

एसटीत ते खिडकीकडे बघत म्हणाले, "त्याची भरती म्हणून म्या आदल्या सांच्याला जुनं आईल काढलं. पार निथळू दिलं. धूळ नको म्हणून बोल्ट आवळला. तेवढ्यात फोन आला, उसाचा ट्रॅक्टर उलाटलाय. गेलो. परत आलो ते झोपलोच."

"आणि नवं ऑइल?"

आबांनी मान हलवली.

कारखान्याच्या फाटकाबाहेर चहाची टपरी होती. पाळी सुरू व्हायच्या आधी संदीप आला, पाय ओढत. मला नमस्कार केला. आबांनी तोंड उघडलं आणि सुरुवात केली ती बोल्टापासून, वॉशरपासून. किती वेळ निथळलं, हेही सांगितलं. मला वाटलं, हा माणूस आता गाळाबद्दल बोलून घरी जाणार.

"नवं भरलं न्हाय म्या," ते शेवटी म्हणाले. "भरायचं इसरलो. तुझी चूक न्हवती."

"म्हायती हाय, आबा."

"कवापास्नं?"

"दवाखान्यातनं घरी आलो तवाच. फळीवर चाळीस नंबरची बाटली तशीच व्हती. सील बी फोडलं न्हवतं."

"मग बोलला का न्हाईस?"

संदीपनं चहाचा कप खाली ठेवला. "तुमी चार माणसांत बोलून बसला व्हता. मी बोललो असतो तर तुमचं नाक कापलं असतं. म्हटलं, तुमी स्वतः सांगाल. येक वरीस वाट बघितली, मग दुसरं. मग सवय झाली."

आतून भोंगा झाला. संदीप उठला. परगावी निघालेला मुलगा, बापाच्या पाया पडायला तो खाली झुकू लागला. उजवा पाय वाकेना. टपरीच्या बाकाला धरून त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

आबा रस्त्यावरच खाली बसले. मुलाचा तो गुडघा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि त्यावर कपाळ टेकलं. पाळीची माणसं बाजूनं आत जात होती. संदीप त्यांना उठवत नव्हता.