एकाच फ्रेमचे दोन चष्मे

भूगावच्या गेणबांना लांबचं दिसत नव्हतं आणि त्यांच्या बायकोला, रंभाबाईंना, जवळचं. दोघंही एकाच दिवशी बावधनच्या चष्म्याच्या दुकानात गेली. तिथल्या मृण्मयीने समजावलं की काकांचा नंबर मोठा आहे, काच कडेला जाड होईल, तेव्हा फ्रेम लहान घ्या. पण दोघांनाही पसंत पडली ती एकच रुंद काळी फ्रेम. निदान रंग तरी वेगळे घ्या, घरात अदलाबदल होते, असं तिने सुचवून पाहिलं.

"येवढ्या वर्सांत बायकू बदलली न्हाई," गेणबा म्हणाले, "चष्मा कसा बदलंल?"

चष्मे हातात देताना मृण्मयीने बजावलं, की सुरुवातीला जरा गरगरेल, सवय झाली की बरं वाटेल. पुढचा सगळा घोटाळा या एका वाक्याने केला.

रविवारी त्यांच्या मुलीला, स्नेहलला, बघायला महाळुंग्याचे जालिंदरराव आपल्या मुलाला घेऊन येणार होते. सकाळच्या घाईत गेणबांनी टीव्हीवरचा चष्मा उचलला तो रंभाबाईंचा. घातल्याबरोबर अंगण, फाटक, पलीकडचा रस्ता सगळं धुक्यात गेलं. आत रंभाबाईंना मिठाची बरणी कुठली नि साखरेची कुठली ते कळेना. पण सवय व्हायची आहे म्हणून दोघंही मुकाट्याने सोसत राहिली.

गेणबांना धास्ती होती ती जमिनीच्या एजंटांची. रस्त्याकडेच्या त्यांच्या तुकड्यावर सगळ्यांचा डोळा, आणि सुट्टीच्या दिवशी तर एजंटांची रीघ. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून ते स्वतःच फाटकाशी उभे राहिले.

तेवढ्यात पांढरा शर्ट घातलेलं कुणीतरी तरुण येऊन नमस्कार करून म्हणालं, "बघायला आलोय."

गेणबांनी त्याला हाताला धरून सोफ्यावर बसवलं. बाकीची मंडळी मागनं येतायत का, असं विचारल्यावर पाहुणा म्हणाला, आधी मी बघतो, पसंत पडलं की सगळ्यांना आणतो. काम काय करता, तर जमिनीतच. शेतकरी जावई मिळतोय म्हणून गेणबांना भरून आलं.

इतक्यात बाहेर गाडी थांबली. उतरलेल्या माणसाने आधी घराकडे, मग रस्त्याकडे पाहिलं आणि कौतुकाने म्हटलं, "जागा झकास हाय तुमची."

गेणबांना पुढचं ऐकायची गरजच वाटली नाही. जागा विकायची न्हाई, पुन्यांदा हितं दिसलात तर कुत्रं सोडीन, असं सुनावून त्यांनी फाटकाला कडी घातली.

आत रंभाबाईंनी मीठ घातलेला चहा दिला होता. पाहुण्याने पहिल्या घोटाला डोळे मोठे केले, पण कप रिकामा करूनच खाली ठेवला. मग स्नेहल पोहे घेऊन आली. त्याला पाहून ती दारातच थबकली, पण मग आत आली. समोर बसली आणि विचारल्याची नीट उत्तरं देत राहिली.

पोहे संपतात तोच हे स्थळ आणलेल्या स्नेहलच्या मामाचा, राजूचा, फोन आला. जालिंदररावांना दारातनं हाकलून दिलं म्हणून ते तणतणत माघारी गेले होते. गेणबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, धुकं तेवढंच. शेवटी रंभाबाईंनी आपल्या नाकावरचा काढून त्यांच्या नाकावर चढवला.

समोर शैलेश बसला होता. याच एजंटाला त्यांनी मागे एकदा विहिरीपासून रस्त्यापर्यंत पळवलं होतं.

"तुला ठावं हुतं ह्यो कोन ते?" त्यांनी लेकीला विचारलं.

"आबा, तुम्ही स्वतः हाताला धरून आणलंत," स्नेहल खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, तुमचा विचार बदलला."

शैलेश कानापर्यंत लाल झाला. मी खरं तर जमिनीसाठीच आलो होतो, असं त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. पण आता जमीन राहू द्या, असंही तो हळूच म्हणाला.

जालिंदरराव काही केल्या परत यायला तयार झाले नाहीत आणि स्नेहल दुसऱ्या कुणासमोर बसायला. दिवाळीनंतर शैलेशशी तिचं लग्न झालं. जावयाने त्या तुकड्याचं नाव काढायचं नाही, एवढी एकच अट गेणबांनी घातली.

अजूनही पारावर ते ताठ मानेने सांगतात, "सगळं गाव इकलं, पर म्या एजंटाला येक गुंठा दिला न्हाई."

एकदा ते घरीही तेच म्हणाले, तेव्हा रंभाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"व्हय," त्या म्हणाल्या, "पोरगीच दिली."