मयत इसमाचं नाव

माझा अर्ज वाचून विरघळला नाही असा साहेब उभ्या चांदा जिल्ह्यात नाही, असं मी सन अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यापर्यंत चारचौघांत ठणकावून सांगत असे. मी परवाना असलेला अर्जनवीस. अहेरीच्या पोस्टाच्या ओसरीत माझी लाकडी पेटी, पेटीवर दौत, दौतीशेजारी मी. हरवलेली म्हैस, अडलेली बदली, मोहाच्या झाडावरून लागलेलं भांडण, काहीही आणा. मी ते कागदावर असं उतरवायचो की ज्याची म्हैस हरवली त्यालाही आपलं दुःख एवढं मोठं आहे हे तेव्हाच कळायचं. लोक मला मुन्शीजी म्हणत.

तर लटारूभाऊची पिकप माझ्याकडे कागदाच्या रूपानंच आली.

लटारूभाऊ मूळचा धानाचा शेतकरी. दोन वर्षांपूर्वी त्यानं नागपुराहून नवी पिकप आणली होती. आमच्या बाजूला तेव्हा मोटारी मोजक्याच. या एका गाडीतून धान जायचं, मोहफुलं जायची, बाजाराची माणसं जायची, आणि अडलेली बाळंतीणही जायची. गाडी तशी गुणाची. सपाट रस्त्यावर तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. फक्त उताराला लागली की ब्रेकवर ठेवलेला पाय चिखलणीत गेल्यासारखा थेट खाली जायचा, आणि गाडी आपल्या मर्जीनं चालायची. हातब्रेक होता, पण माल भरला की तो नावापुरताच.

एक दिवस लटारूभाऊ कंपनीचं पत्र घेऊन आला. मी मोठ्यानं वाचलं. 'आपल्या गाडीच्या ब्रेकमधील रबरी वॉशर सदोष असल्याचे आमच्या निदर्शनास आले आहे. तो विनामूल्य बदलून देण्यात येईल. तोपर्यंत गाडी जपून चालवावी.'

"मंजे कंपनीलेई मालूम हाय?" लटारूभाऊनं विचारलं.

"हाव. तेच लिहिलं आहे."

"मंग मी एवढे दिवस ड्रायवरीचा दोष समजून राह्यलो होतो." त्याच्या तोंडावर मोठं समाधान पसरलं.

तो पिकप घेऊन नागपूरला गेला. सगळे उतार जीव मुठीत धरून उतरला, आणि चार दिवसांनी तसाच परत आला. एजन्सीवाले म्हणाले, वॉशर मुंबईहून यायचे आहेत, पत्ता देऊन जा. तिथल्या बाकावर त्याला याच गाडीचे आणखी तीन मालक भेटले होते. त्यातला वडशाचा राइस मिलवाला तिसऱ्यांदा आला होता. घरून भाकरी बांधून आणली होती त्यानं. सवय झाली म्हणाला.

त्यानंतर मी कंपनीला अर्ज लिहायला घेतले. अकरा महिन्यांत सात अर्ज. सातही खरे. कुठल्या उताराला गाडी किती घसरली, कुणाचं कुंपण मोडलं, कोणती म्हातारी मोहाच्या टोपल्यात पडून वाचली, सगळं तारीखवार. सातही अर्जांना उत्तरं आली, आणि सातही एकसारखी. 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.'

मात्र नोंदीनं गाडी थांबत नसते. ती थांबवायचा मंगरू.

मंगरू इरपीटोल्याचा. सूरजागडच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी पंधरा घरांचं गाव ते. पस्तिशीचा काटक माणूस, बोलणं कमी. लटारूभाऊनं त्याला हमालीला ठेवला होता, पण वॉशर येईना तसा तो हळूहळू ब्रेक झाला. उतार आला की मंगरू मागून खाली उडी मारायचा, सागाचा एक ठोकळा काखेत घेऊन मागच्या चाकाबरोबर चालायचा. लटारूभाऊनं "हाण" म्हटलं की ठोकळा चाकाखाली जायचा आणि पिकप उचकी लागल्यासारखी थांबायची. बाजारात लोक सरळ विचारत, "लटारूभाऊ, कवा निंगता?" आणि लटारूभाऊ सरळ सांगे, "ब्रेक जेवून राह्यला. आला का निंगू."

आम्ही सगळे हसायचो. मीही हसायचो. मग चैत्रात एका उताराला ठोकळा निसटला आणि मंगरूच्या उजव्या पायाचा अंगठा चाकाखाली आला. अंगठा राहिला, नख गेलं. पायाला चिंधी बांधून तो माझ्या पेटीसमोर उकिडवा बसला, आणि लटारूभाऊ म्हणाला, "मुन्शीजी, आता काईतरी जबरदस्त लिवा."

मी टाक बुडवला. खरं सांगतो, बसलो तेव्हा मनात अंगठाच होता. पण सात खऱ्या अर्जांनी जिथं पान हललं नाही, तिथं एका नखानं काय हलणार? म्हणून पहिल्या परिच्छेदात अंगठ्याचं पाऊल झालं. दुसऱ्यात पावलाचा पाय झाला. टाक छान चालत होता, शाई कुठं अडत नव्हती, आणि पान संपता संपता मंगरू मेला. 'सदर मंगरू हा गरीब इसम आपल्या सदोष वॉशरपायी प्राणास मुकला असून त्याच्या पत्नीच्या आक्रोशाने अरण्यातील पाषाणासही पाझर फुटत आहे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जाऊन मी ते नीलाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवलं.

ती तांदूळ निवडत होती. "अजी, त्या मंगरूले इचारलं का तुमी?" एवढंच म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? कागदच तर आहे."

मंगरूला वाचता येत नव्हतं. लटारूभाऊलाही नाही. अर्ज रवाना झाला.

पंधरा दिवसांनी माझ्या पेटीवर एक सावली पडली. वर पाहिलं तर देवाजी जमादार. पोलिसातला जुना माणूस, पोट पुढं, मिशा त्याच्याही पुढं. हातात माझाच अर्ज.

"हे अक्षर तुमचं ना मुन्शीजी? एजन्सीवाल्यानं चांद्याले पाठवलं, चांद्यावाल्यानं मले पाठवलं. मानूस मेला अन् ठाण्यात खबर नाई, म्हंजे काय? चला, मयताच्या गावाले जाऊन पंचनामा करू."

त्याच क्षणी सांगून टाकायचं होतं. पण परवाना आठवला, आणि मी पेटी बंद करून त्यांच्यामागं निघालो. इरपीटोल्याला जायला दुसरी गाडी नव्हती. जमादार पिकपमध्ये पुढं बसले, मध्ये मी, स्टिअरिंगवर लटारूभाऊ. मागं ठोकळा घेऊन मंगरू.

वाटेत जमादारांनी लटारूभाऊला विचारलं, "मानूस कसा होता हो?"

"कोन?"

"तोच. गेलेला."

लटारूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर सागाची झाडं पाहू लागलो. लटारूभाऊला वाटलं, कुणा भलत्याच माणसाबद्दल चाललंय. तो सज्जनपणानं म्हणाला, "चांगला असंन बिचारा."

इरपीटोल्याच्या अलीकडे मोठा उतार आहे. खाली नाला, नाल्यात घोड्याएवढे दगड. तिथं यायच्या आत मी बोलायचं ठरवलं होतं, पण उतार माझ्याआधी आला. लटारूभाऊचा पाय खाली गेला तो गेलाच. गाडी सुटली. जमादारांनी माझा दंड असा पकडला की तो वळ आठ दिवस होता. लटारूभाऊ ओरडला. मागून पावलांचा आवाज आला, ठोकळा बसला नाही, पुन्हा पावलांचा आवाज, आणि मग पिकप कडकडून वाकडी झाली, थांबली. पुढची चाकं नाल्याच्या काठावर होती.

आम्ही तिघं उतरलो. मंगरू ठोकळ्यावर दोन्ही पाय रोवून, चाकाला पाठ लावून उभा होता. चिंधी सुटून अंगठ्यातून रक्त येत होतं. इतके दिवस मी त्याला धावताना मागं वळून पाहिलं नव्हतं. ठोकळा आणि चाक यांच्यामध्ये त्याच्या पायाला किती जागा असते, ते त्या दिवशी पाहिलं. चार बोटं.

जमादारांनी त्याला बिडी दिली. "बाप्पा, वाचवलंस. नाव काय गा तुझं?"

"मंगरू."

"गाव?"

"इरपीटोला."

जमादारांनी अर्ज काढला, एकदा कागदाकडे आणि एकदा मंगरूकडे पाहिलं. मग माझ्याकडे. शेवटी मंगरूनंच विचारलं, "कोन मेला?"

मी सांगितलं. उभ्यानंच, खाली मान घालून, सगळं. लटारूभाऊ मटकन खाली बसला. मंगरू ऐकत राहिला. शेवटी त्यानं बिडी विझवली आणि म्हणाला, "हे घरी नोको सांगजा."

पण ते घरी त्याच्याआधी पोचलं होतं. पोलीस मंगरूच्या मरणाची चौकशी करून राहिलेत, असं अहेरीच्या बाजारात आदल्या दिवशीच कुणी तरी ऐकलं होतं, आणि बाजारकरणींनी ते पायी पायी इरपीटोल्यात नेलं होतं. आम्ही गावात शिरलो तेव्हा सगळं गाव मंगरूच्या अंगणात होतं. त्याची बायको बुधरी खांबाला टेकून बसली होती. रडत नव्हती. मी लिहिलेला आक्रोश तिथं नव्हता, आणि जे होतं ते लिहायला मला आजही येणार नाही.

मंगरू लंगडत पुढं गेला. बुधरीनं त्याला पाहिलं, उठली, आणि एखादं भांडं फुटलंय का ते पाहावं तसा त्याच्या खांद्यांवरून, हातांवरून, पाठीवरून हात फिरवला. दोघं गोंडीत काही बोलले. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. आत जाऊन तिनं पाणी आणलं. जमादारांना दिलं, लटारूभाऊला दिलं. मला दिलं नाही.

जमादारांनी तिथंच पंचनामा लिहिला. 'मयत मंगरू याचा समक्ष जबाब घेतला. तो सांगतो की आपण मेलो नाही. गाडीचे ब्रेक लागत नाहीत, हे आम्ही स्वतः अनुभवले.' मला म्हणाले, "परवान्याचं मी पाहून घेतो. पन माफीनामा द्या." तो मी लिहिला. दोन ओळींत झाला. एवढा छोटा कागद मी जन्मात लिहिला नव्हता.

महिन्याभरानं, मोठा पाऊस लागायच्या आधी, नागपूरच्या एजन्सीचा मेकॅनिक अहेरीत उतरला. हातात वॉशरचा डबा. पंचनामा चांद्याला कुठल्या तरी टेबलावर पडून होता. माझ्या अर्जाची नक्कल मात्र एजन्सीतून मुंबईला कंपनीपर्यंत जाऊन पोचली होती. खरं मागं राहिलं आणि खोटं पुढं गेलं, म्हणूनच वॉशर आला, हे मला कळत होतं. त्याचा आनंद मानावा की नाही, ते कळत नव्हतं.

दोन तासांत काम झालं. लटारूभाऊनं भरलेली पिकप उतारावर नेली आणि पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मंगरू तरी मागून उडी मारून ठोकळा घेऊन धावत आलाच. थांबलेल्या चाकापाशी उभा राहून तो बराच वेळ त्या चाकाकडे पाहत राहिला. लटारूभाऊ म्हणाला, "आता फक्त पोते उचल गा. पाय सांभाळ." मंगरूनं मान हलवली, पण ठोकळा खाली ठेवला नाही.

मग मेकॅनिकनं छापील पावती काढली. वॉशर मिळाला, तक्रार राहिली नाही, असं त्यावर लिहिलेलं. खाली रिकामी जागा होती. 'मयत इसमाचे नाव', आणि त्याच्याखाली 'वारसाची सही अथवा अंगठा'.

"अहो, माणूस जिवंत आहे. हा काय समोर," मी म्हणालो.

"असू द्या ना. मी कुठं नाई म्हनतो?" मेकॅनिक म्हणाला. "पन वरून हाच कागद आला. भरून नाई नेला तर वॉशर काढून नेतो. माझी नोकरी हाय बाप्पा."

त्या दिवशी बाजार होता आणि बुधरी मंगरूबरोबर आली होती. मंगरू तिला म्हणाला, "मार अंगठा. मी काई मरत नाई." ती हलली नाही. मी समजावलं, लटारूभाऊनं हात जोडले. ती शांतपणे पावतीकडे पाहत होती. मग तोडक्या मराठीत मला म्हणाली, "कागदाले मेलेला मानूस लागते ना, मुन्शी? तर तुजं नाव लिव."

कुणी हसलं नाही. मला वाटलं, कुणी तरी हसेल आणि हे टळेल. पण लटारूभाऊ पिकपकडे पाहत होता, मंगरू ठोकळ्याकडे, मेकॅनिक घड्याळाकडे. मी टाक बुडवला. हजार लोकांची नावं लिहिलेल्या या हाताला स्वतःचं नाव लिहायला किती वेळ लागला म्हणून सांगू! त्या जागेवर आपलं नाव वेगळंच दिसतं. बुधरीनं ते पूर्ण होईपर्यंत पाहिलं आणि मग बाजाराच्या वाटेला लागली.

आता राहिली वारसाची सही. पावती घेऊन मी घरी गेलो. वाटेत नीलाबाईला सांगायची वाक्यं जुळवत होतो. ती हादरेल, कुंकवाला हात लावेल, मग तिला धीर कसा द्यायचा, एका सहीमागं किती जणांचे जीव आहेत हे कसं पटवायचं. चुलीपाशी तिला पावती दिली. चौथीपर्यंत शिकलेली बाई. तिनं सगळी वाचली, वरपासून खालपर्यंत. मयताचं नाव वाचलं. पदराला हात पुसले.

"टाक द्या," म्हणाली.

सही केली, वर फुंकर मारून शाई वाळवली आणि भाकरी उलटवायला वळली. मी जुळवलेलं एकही वाक्य लागलं नाही.