थंड उजेड

"मामी, हा पिवळा बलब आता कोणी वापरते का?" असं म्हणत प्रवीणने बल्बाला हात घातला, तेव्हा गुणाबाई दोन पावलं पुढे आली. पण जावयाला नाही म्हणायचं कसं? लेकीचं लग्न होऊन जेमतेम आठ महिने झाले होते, आणि जावईबापू भद्रावतीहून पहिल्यांदाच एकटे मुक्कामाला आले होते.

बल्बाखाली बांबूच्या तट्ट्याच्या गोल कुंपणात कोंबडीची साठ पिल्लं होती. गावातल्या दहा बायकांच्या बचत गटाने ती अहेरीहून आणली होती आणि सांभाळायला गुणाबाईकडे दिली होती. तो शंभर वॅटचा बल्ब गुरांच्या डॉक्टर नीलिमाबाईंनी स्वतः टांगून दिला होता. उजेड असला की मांजर येत नाही, म्हणून लावला असेल, अशी गुणाबाईची समजूत.

प्रवीणला चटका बसला. बल्ब हातातून सुटला, भिंतीवर आपटून फुटला.

"पाह्यलं? उगाच तापते," बोटं फुंकत तो म्हणाला. "हा एलईडी लावतो. उजेड दुप्पट."

उजेड खरंच दुप्पट पडला. पडवी दवाखान्यासारखी दिसू लागली.

पहाटे कडाक्याची थंडी होती. गुणाबाई पडवीत आली, तर साठही पिल्लं एका कडेला एकमेकांवर चढून चिरकत होती. तिने वरची बाजूला केली. तळाची दोन उठलीच नाहीत.

 मागच्या हिवाळ्यात कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला होता, तेव्हा आठ दिवसांत गावात कोंबडं आरवेनासं झालं होतं. आता तोच रोग पुन्हा आला, आणि तोही आपल्या घरातून. दहा बायकांना तोंड कसं दाखवायचं? तिने इकडेतिकडे पाहिलं आणि मेलेली दोन पिल्लं टोपलीखाली झाकून ठेवली.

प्रवीण दात घासायला बाहेर आला आणि पाणी घ्यायला भांडं शोधताना त्याने नेमकी तीच टोपली उचलली.

"मामी, हे काय?"

"काई नाई. झोपली हायेत."

"पाय वर करून?"

प्रवीणने टोपली हळूच खाली ठेवली. काल संध्याकाळी आपण याच पिल्लांवर वाकून बल्ब बदलला होता, हे त्याला आठवलं. मोबाईलवर बर्ड फ्लूचं वाचता वाचता त्याचा घसा खवखवू लागला, मग अंग मोडून आलं. त्याने तोंडाला रुमाल बांधला आणि अंगणात उन्हात जाऊन बसला.

शेजारची कमला ताक मागायला आली होती. रुमाल बांधलेला जावई तिने पाहिला, पिल्लांचा आक्रोश ऐकला आणि ताक न घेताच परत फिरली. तिनेच डॉक्टरबाईंना फोन लावला. मग घरोघर सांगत सुटली, "गुणाबाईच्या घरी रोग आला. जावयालेई धरलं. आता सरकारी मानसं साऱ्यायच्या कोंबड्या माराले नेतीन."

नऊच्या सुमाराला नीलिमाबाई स्कूटीवरून आल्या, तेव्हा गावात औषधालाही कोंबडी दिसेना. बायका मात्र सगळ्या जमल्या होत्या. कमला पदर पोटाशी गच्च धरून उभी होती आणि पदराच्या आतून मधूनच कुकुक असा आवाज येत होता. गुणाबाई खांबाला धरून खाली मान घालून उभी राहिली.

डॉक्टरबाईंनी मेलेली पिल्लं उलटून पाहिली, जिवंत तपासली. मग वर पाहिलं आणि बल्बाखाली तळहात धरला.

"जुना बलब कुठाय?"

 प्रवीणने रुमाल नाकापर्यंत वर ओढला.

"अवो, त्या बलबातली तार तापते, म्हणून तो उजळते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "उजेड थोडा, गर्मीच जास्त. मले ते गर्मीच पाहिजे होती. या नव्याचा उजेड मोठा, पन आंग शेकत नाई. रोग नाई, बाई. पिल्लं थंडीनं मेली."

गुणाबाईने खांब सोडला. कमलाच्या पदरातून कोंबडी निसटली, तिच्याकडे कोणी पाहिलंसुद्धा नाही.

"मले ताप हाये, मॅडम," प्रवीण खोल आवाजात म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप नाई. असता तर बरं झालं असतं, पिल्लायच्या कामी आला असता."

तसला जुना बल्ब साऱ्या गावात धुंडाळला. एकाही घरी सापडला नाही. अहेरीहून येईपर्यंत निखाऱ्यांचं घमेलं ठेवायचं ठरलं. पण कोणीतरी जवळ बसायला हवं होतं. निखारे विझू द्यायचे नाहीत, पिल्लांना भाजू द्यायचं नाही, अशक्त असतील ती उबेला कुशीत घ्यायची.

दहाही बायकांनी जावयाकडे पाहिलं. गुणाबाईनेही पाहिलं, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा तिची नजर खाली गेली नाही.

"जावईबापू," ती म्हणाली, "बसा."

दुपारी बायकोचा, रंजीताचा फोन आला, तेव्हा प्रवीण वाकळ पांघरून घमेल्यापाशी बसला होता. स्वेटरच्या आत सात पिल्लं होती.

"हळू बोल," तो कुजबुजला. "आत्ताच निजली."

"कोन? आई?"

प्रवीणने दाराकडे पाहिलं. चिमटा हातात घेऊन गुणाबाई उंबऱ्यावर बसली होती.

"नाई," तो आणखी हळू म्हणाला. "त्या जाग्याच हायेत."