घर्षणमुक्त पाणीपुरवठा

पाणी पाइपातून जाताना पाइपाला घासते आणि घासले की त्याचा जोर कमी होतो. निसर्गाने हा प्रकार कोणाची परवानगी न घेता सुरू केलेला असल्यामुळे साक्रीकडच्या एका नगरपंचायतीने तो बंद करण्याचा ठराव केला. टाकीवर संगणक बसला. पंप कधी जोरात, कधी हळू चालवायचा, हे तो स्वतःच शिकणार होता. त्याला एवढेच सांगितले होते: घर्षण कमी कर. (पाण्याचा उल्लेख राहिला. पाणी हा पाणीपुरवठा समितीचा विषय, घर्षण तांत्रिक समितीचा.)

व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या अभिमनने सव्वीस वर्षे वापरलेली चावी खुंटीला अडकवली आणि आदेशाप्रमाणे तो संगणकाशेजारी स्टुलावर बसला.

पहिल्या आठवड्यात संगणकाने पंप थांबत थांबत चालवला. घर्षण अकरा टक्के उतरले. दुसऱ्या आठवड्यात त्याला उमगले, की पाणी सावकाश गेले तर कमी घासते. घर्षण साठ टक्के उतरले; पाणी शेवटच्या गल्लीपर्यंत जाईना. तिसऱ्या आठवड्यात त्याने पंपच बंद ठेवला. घर्षण शून्य. नगरपंचायतीचे मुख्याधिकारी हितेंद्र यांनी आलेख चौकटीत बसवून घेतला. त्यांचा सत्कार गुरुवारी ठरला.

गुरुवारीच शेवटच्या गल्लीतल्या दिपमालाचे लग्न होते. सकाळी तिची आई द्रौपदाबाई रिकामा हंडा घेऊन टाकीवर आली.

"अभिमनभाऊ, तीनशे माणूस जेवाले येई. पानी कोठे शे?"

"अक्का, यंत्र म्हनस, समदं बरोबर शे."

"मंग वऱ्हाडले आलेख वाढू का?"

अभिमन स्टुलावरून उठला. त्याने पंप हाताने सुरू केला, खुंटीवरची चावी घेतली, वरच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह जुन्या सवयीने अर्धे आवळले आणि पाणी शेवटच्या गल्लीत पोचवले. वऱ्हाड जेवले, हात धुतले.

तिकडे सत्कारात, पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत, पडद्यावर घर्षण उसळले.

दुसऱ्या दिवशी फलकावर जाहीर सूचना लागली: अभिमन यांच्या अस्तित्वामुळे घर्षण निर्माण होत असल्याने त्यांना कामावरून कमी करण्यात येत आहे. हरकती पंधरा दिवसांत, सकाळी सहा ते आठ या वेळेत द्याव्यात. (मुदत संपेपर्यंत अभिमन यांनी नेहमीप्रमाणे पाणी सोडावे.)

त्याने पंधरा दिवस, सकाळी सहा ते आठ, पाणी सोडले.

एकही हरकत आली नाही. तुमचीही नाही. तुम्ही त्या वेळी पाणी भरत होता.