सिनेटरचं लग्न

वेंडेल पिकरिंगच्या हिशेबात तोटा कुठेच नव्हता. नर त्याचा, मादी त्याच्या मित्राची, मर्लची, गॅरेज मर्लचं, आणि गॅरेजचा वास सोसायला मर्लची बायको नदीन. पिल्लं निम्मी-निम्मी, पण पहिली निवड वेंडेलची. त्याचा सिनेटर म्हणजे पांढऱ्या अंगावर केशरी शिंतोडे असलेला कॉर्न स्नेक. मर्लची राणी म्हणजे काळीभोर किंग स्नेक, जातच वेगळी. दोघांची पिल्लं बघायला डेटोनाच्या सर्पप्रदर्शनात रांग लागणार, यात शंका नव्हती.

अडचण एवढीच की वेंडेल काउंटीच्या सर्पपालक मंडळाचा अध्यक्ष होता आणि त्याच्या टोपीवर ‘रक्त शुद्ध राखा’ असं छापलेलं होतं. संकर करणाऱ्यांना त्याने स्वतः मंडळातून हाकललं होतं. म्हणून पिल्लं मर्लच्या टेक्सासमधल्या मेहुण्याने आपली म्हणून विकायची, असं ठरलं.

आता, किंग स्नेक दुसरा साप दिसला की गिळते. तिला फसवायचं तर तिच्याच जातीच्या नराची कात फडक्यात गुंडाळून ठेवतात आणि ते फडकं नवरदेवाला चोळतात. मर्लकडे असं फडकं होतं. दुसरं एक फडकं तो जिवंत उंदरांच्या खोक्यात ठेवी आणि सापांच्या जेवणाला चोळी, कारण फ्रीजरमधून काढलेल्या उंदराला वास राहत नाही आणि चोखंदळ साप त्याला तोंड लावत नाहीत. दोन्ही फडकी एकाच जुन्या टी-शर्टची. त्यात मार्च महिना, हवेत पाइनचे पराग आणि मर्लचं नाक बंद.

त्याने सिनेटरला मायेने, शेपटीपर्यंत चोळलं, राणीच्या पेटीत सोडलं आणि जोडप्याला एकांत हवा म्हणून कॉफी करायला गेला. परतला तेव्हा राणीच्या तोंडातून वीतभर पांढरी शेपटी तेवढी बाहेर होती.

“उरकलं का लग्न?” नदीनने विचारलं.

“जेवणं उरकली,” मर्ल म्हणाला.

नदीनने फडकं हुंगलं. “हे उंदरांचं आहे, मर्ल.”

संध्याकाळी अग्निशमन केंद्राच्या हॉलमध्ये मंडळाची सभा होती. शुद्ध रक्ताचा नमुना म्हणून राणीला न्यायला वेंडेल स्वतः आला. सिनेटर कसा आहे, असं त्याने विचारलं. मर्लने खोटं न बोलता सांगितलं की तो आत आहे, अगदी निवांत. राणी मात्र नुकतीच जेवली आहे, तिला हलवू नकोस, अशी त्याने परोपरीने विनवणी केली.

“जेवली म्हणे,” वेंडेल डोळा मारत म्हणाला. “अरे, नवरी अशीच भरल्यासारखी दिसते.” आणि त्याने तिला नदीनच्या फुलाफुलांच्या अभ्र्यात घातलं.

सभेत वेंडेलने ठराव मांडला: संकर करील तो बाहेर, मग तो कोणीही असो. शुद्धता कशी दिसते ते दाखवायला त्याने राणीला डोक्यावर उचललं. भरल्या पोटी उचललेला साप जे करतो तेच तिने केलं. सिनेटर, शेपटी आधी, ठरावाच्या कागदावर परत आला.

चिटणीस ओपल ड्ररी चष्मा सावरत पुढे झाल्या. “वेंडेल, हा तुझा सिनेटर ना रे? मर्लच्या मादीपाशी काय करत होता?”

खरं सांगावं तर स्वतःच्याच ठरावाने बाहेर. वेंडेलने घसा खाकरला.

“मीच तिला खायला घातला,” तो म्हणाला. “त्याच्या रक्ताबद्दल मला शंका होती. तत्त्वापुढे मी लाडका-दोडका बघत नाही.”

सभा उठून उभी राहिली. टाळ्या थांबेनात. ओपलबाई तेवढ्या बसून विचार करत होत्या.

“म्हणजे सिनेटर भेसळीचा होता,” त्या अखेर म्हणाल्या. “मग तू शुद्ध म्हणून आम्हाला विकलेली त्याची पिल्लं?”

टाळ्या एका कोपऱ्यातून विरत दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेल्या.

रविवारी वेंडेलच्या दारात अभ्रे आणि डबे घेऊन अर्धं मंडळ उभं होतं. त्याने आपली मासेमारीची बोट विकून सगळ्यांचे पैसे चुकते केले. राज्यातले सर्वांत शुद्ध रक्ताचे साप त्याच्याकडे परत आले आणि आता ते कोणी फुकट घेईना. शेवटी मर्लच्या मेहुण्याने उपकार केल्यासारखे कवडीमोलाने उचलले. डेटोनाला त्याने त्यांच्यावर ‘अस्सल संकर’ अशी पाटी लावली, आणि रांग लागली ती दुपारपर्यंत हटली नाही.

मर्लला निम्मा वाटा मिळाला, नदीनला नवे अभ्रे. वेंडेलकडे अध्यक्षपद राहिलं. किंमत सिनेटरने मोजली आणि वेंडेलच्या बोटीने. टोपी तो अजून घालतो, पण छापलेली बाजू मागे करून.