प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल : भावपूर्ण श्रद्धांजली

येडशीपासून सात किलोमीटरवर असलेल्या आमच्या गावाचे नाव मी येथे देत नाही; ग्रामपंचायतीची तशी तोंडी सूचना आहे. या गावात राहून मी चार वर्षांत, एकट्याने, एक अल्बम तयार केला. नाव 'विहीर'. गाणी सात, कालावधी बावन्न मिनिटे, प्रकार प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल. या प्रकारात गिटारी विषम तालात धावतात, गाणे निघाल्या ठिकाणी परत येत नाही आणि गायक घशाच्या तळातून गुरगुरतो. माझी आई गौराबाई चार वर्षे मला दुखऱ्या घशासाठी हळदीचे दूध देत होती. माझी अपेक्षा फार नव्हती. कुणीतरी एकाने तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा, एवढेच.

हे तोंडाने कुणाला सांगणे माझ्याच्याने होण्यासारखे नव्हते. म्हणून एस.टी. थांब्यावर फलक लावायचे ठरवले : काळी पार्श्वभूमी, 'शंभुलिंग' हे माझे नाव, खाली पाहणारा माझा कृष्णधवल फोटो आणि मोबाइलने टिपला की अल्बम ऐकू येईल असा एक चौकोनी कोड. फलकाला परवाना लागतो. परवान्याच्या अर्जात फलकाचे चारच प्रकार छापलेले होते : वाढदिवस, निवड, स्वागत आणि श्रद्धांजली.

"ह्यात तुझं कंचं?" ग्रामसेवक शरणबसप्पांनी विचारले. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

"यातलं कुठलंच न्हाय, भाऊसाहेब. अल्बम हाय. प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल."

"डेथ कुणाची?"

"कुणाची न्हाय."

"मग प्रोग्रेसिव्ह म्हंजे? हळूहळू?"

"म्हंजे... पुढं पुढं जाणारं."

"मग हळूहळूच की." त्यांनी चौथ्या चौकोनात खूण केली. "आन् हे बघ, वाढदिवसाला सरपंचांची सही लागती. श्रद्धांजलीला लागत न्हाय. तुझा फायदाच केला."

वाद घालणे माझ्या स्वभावात नाही. मी त्यांचे आभार मानले.

फलक छापणारा मल्लेश नियमाला धरून चालणारा होता. परवान्यात श्रद्धांजली आणि फलकावर ती नाही, हे त्याला पटणे शक्य नव्हते. त्याने माझ्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', एक समई आणि 'शोकाकुल : समस्त ग्रामस्थ' एवढेच वाढवले. मी पाहिले तेव्हा फलक वर चढलेला होता. "तुझा कोड तसाच ठिवलाय बग," असे म्हणून त्याने माझी समजूत काढली.

तेव्हा नऊ वाजले होते. दहापर्यंत गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दोनशे चौदा जणांनी हात जोडले. त्यांत माझे सख्खे चुलते ईरण्णा होते, आणि ते त्या वेळी माझ्या शेजारी बसून चहा पीत होते.

"अण्णा, मी हाय की इथं."

"व्हय रं. पर समद्यांनी टाकलं, आपुन न्हाय टाकलं तर बरं दिसंल का?"

दुपारी बायका आईच्या सांत्वनाला आल्या. "अगं बायांनो, आत जेवाया बसलाय त्यो," आई म्हणाली. त्यावर त्या अधिकच रडल्या. "बिचारीला अजून पटंना," असे म्हणत एकीने पदराने डोळे पुसले आणि माझ्या ताटात भाकरी वाढली.

मी फलक उतरवण्याचा अर्ज घेऊन गेलो. भाऊसाहेबांनी तो वाचून परत केला.

"श्रद्धांजली तेरा दिवस ऱ्हाती. त्याच्या आदी काढायची तर शोकाकुलांनी अर्ज द्यायचा. तू शोकाकुल हायस का?"

मी थोडा विचार केला. "हाय."

"तसं एकट्याचं चालत न्हाय, समस्त लागतेत. आन् उद्या दहाला चावडीफुडं शोकसभा हाय. ठराव झालाय. तुझंच गाणं लावणार हाव."

"किती?"

"किती म्हंजे? अख्खं! मेलेल्या माणसाचं गाणं मधीच कसं बंद करायचं?"

मी अर्जाची घडी करून खिशात ठेवली. हयात असण्याची निकड त्या क्षणी मला तितकीशी जाणवली नाही.

शोकसभेला तीनशे माणसे होती. मी मागे उभा होतो. "दिवंगताला खुर्ची द्या," असे कुणीतरी म्हणाले आणि ती मिळाली. 'विहीर'ची सुरुवात शांत आहे. दोन मिनिटे, खोल पाण्यात, नुसते थेंब पडतात. ती दोन मिनिटे आणि मौन एकाच वेळी सुरू झाले. तीनशे माणसांनी माना खाली घालून माझे थेंब ऐकले. चार वर्षांत प्रथमच माझा घसा दुखायचा थांबला.

तिसऱ्या मिनिटाला, पाण्याच्या तळातून, माझा आवाज वर येऊ लागला. भाऊसाहेबांनी तत्काळ बटण दाबले.

"ठरावात मौन दोनच मिनिटांचं हाय," ते जाहीर करते झाले. "आन् स्पीकरबी फाटलाय. चहा घेऊन जावा."

लोक हात जोडून चहाकडे वळले. एक म्हातारी तेवढी उठली नाही. तिचे नाव गजराबाई.

"बंद का केलं वं?"

"आज्जे, स्पीकर फाटला."

"फाटलाबिटला न्हाय. आत्ता कुठं पोरगं बोलाया लागलं हुतं."

मी तिला उत्तर देणार होतो. पण शोकसभेत दिवंगताने बोलण्याची पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी ती नातीचा मोबाइल घेऊन फलकाखाली उभी दिसली. ग्रामपंचायतीने फलकाला घातलेला हार नेमका कोडावर आला होता. टाचा उंचावूनही तिचा हात पोचेना. मी रस्ता ओलांडून निघालो, तोच भाऊसाहेबांची मोटारसायकल थांबली. "आज्जे, परवान्याचा फलक हाय. हात लावायचा न्हाय." ती खाली मान घालून निघून गेली. मीही.

तेरा दिवस कधीच उलटले. समस्त ग्रामस्थांचा अर्ज अद्याप आलेला नाही, म्हणून फलक आहे. येडशीकडे जाताना आपल्या डाव्या हाताला लागतो. आपण तिथे क्षणभर थांबता, हे मी समोरच्या टपरीवरून रोज पाहतो, आणि मला बरे वाटते. कोड हाराखालीच आहे. हार बाजूला सारायला फक्त एक हात मोकळा असावा लागतो. आपले दोन्ही जोडलेले असतात.