खंडेनवमीचं हत्यार

किणकिण! भरदुपारी हॉलमध्ये पूजेची घंटा वाजली आणि नाना मिनतवाऱ्यांनी झोपवलेली चार वर्षांची ओवी टुणकन उठून बसली. मांडीवर लॅपटॉप घेतलेल्या विजयश्रीने कपाळावर हात मारला.

ओवी झोपली की तेवढाच वेळ तिचा. त्या तुकड्यातुकड्यांतून तिने उन्हाळ्यापासून माहेरून आणलेल्या जुन्या टीव्ही गेमसाठी एक नवा खेळ लिहिला होता. हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून कंपनीची कॅब पुनावळ्याला घरी आणायची, एवढाच. पण त्या डब्याची मेमरी अशी तुटपुंजी की एक रिक्षा वाढवायची तर एक सिग्नल काढावा लागे. अशा जुन्या मशीनसाठी नवे खेळ लिहिणाऱ्यांची स्पर्धा होती, आणि खेळ खऱ्या मशीनवर चालतानाचा व्हिडिओ आज पाचच्या आत पाठवायचा होता.

ओवीला काखोटीला मारून ती बाहेर आली आणि जागीच थिजली. पाटावर कोयता, विळा, पाने-पकडी आणि मधोमध तिचा टीव्ही गेम! कॅसेटच्या खाचेत झेंडू, वर हळदकुंकवाचा सडा.

"मामा! हे काय केलंत?"

"खंडेनवमी न्हाई का आज?" सासरे रंगराव प्रसन्नपणे म्हणाले. "सकाळी महाळुंग्याला आमच्या जुन्या कंपनीत पूजेला गेलतो. प्रेसला हार, क्रेनला हार. तितं मनात आलं, समद्यांची हत्यारं पुजली, सूनबाईचंच ऱ्हायलं की!"

तिला राग तर आला, पण रागवायचं कसं? आजवर घरात ह्या डब्याला 'खेळणं' म्हणत. आज पहिल्यांदा त्याला हत्याराचा मान मिळाला होता. नेमका आजच!

"छान झालं मामा, पण मला ते आत्ता चालू करायचंय."

"आरं द्येवा! पुजलेलं हत्यार उद्या दसऱ्याला उचलायचं. तवर बंद."

"उद्या काय उपयोग? सगळी मेहनत पाण्यात जाईल!"

"पान्यात कशी? पळीभरच शिंपडलंय."

"पाणीपण शिंपडलंत?" विजयश्री ओरडली. मग एकदम तिला सुचलं. "मामा, तुमच्या कंपनीत खंडेनवमीलाच अर्जंट माल निघाला तर काय करायचात?"

रंगरावांनी मान खाजवली. "सायेब बोंबलत यायचा. मंग आमी आपरेटरचीबी पूजा करायचो. पुजलेल्या हातानं चालवलं तर चालतंय. जरासंच."

"मग करा माझी!"

तिच्या कपाळी कुंकू लागलं, डोक्यावर अक्षता पडल्या, कानामागे झेंडू बसला. ओवीने घंटा बडवली. डबा पुसून, वाळवून विजयश्रीने टीव्ही लावला. पडद्यावर सगळ्या गाड्या ठप्प.

"हलत नाहीयेत!"

"हिंजवडी हाय म्हनल्यावर हलतील कशा?"

तिने डबा बंद करून कॅसेट उपसली आणि सवयीने जोरात फुंकर मारली. उरलीसुरली हळद थेट डोळ्यांत!

"फुकू नगं, उष्टं व्हतंय!" रंगराव ओरडले.

डोळे चोळत, कापसाच्या बोळ्याने कुंकू कोरत, दातओठ खात तिने कॅसेट पुन्हा बसवली. कॅब हलली. रडतखडत घरी पोचली. मागच्या घंटेच्या गजरासकट व्हिडिओ पाचला जेमतेम गेला आणि विजयश्री सोफ्यावर कोसळली.

"झालं ना मनासारखं?" रंगराव खूश होऊन म्हणाले. "आता च्या टाक वाईच. आन् कणीक जादा भिजव, सांच्याला पाव्हणं हायती."

ती उसासा टाकून उठणार, तोच ओवीने दोन्ही हातांनी तिला मागे ढकललं.

"आई, पूजा केलेलं उद्यापर्यंत बंद ठेवायचं ना? मग तू कशी चालू?"